उताऱ्यावरचे नाव आणि फेरफारातला इतिहास : जमीन घेण्याआधी आणि देण्याआधी

नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला. खरेदीदार कोण, मुद्रांक शुल्क किती माफ झाले, कोणाचा राजीनामा मागायचा, यावर वाहिन्यांवर आठवडाभर चर्चा चालली. त्या जमिनीच्या आधी लागलेल्या 'महार वतन' या दोन शब्दांवर मात्र फारसे कोणी थांबले नाही. ही जमीन वतनाची कशी झाली? ती विकायला परवानगी का लागते? वतनदारांच्या जमिनीवर सरकारचे नाव कसे चढते? हे प्रश्न बाजूलाच राहिले. गुन्हा कोणाचा, ते तपास यंत्रणा आणि न्यायालय ठरवेल. पण हे प्रश्न आपले आहेत आणि त्यांची उत्तरे आपल्यालाच द्यावी लागतील.

अभ्यासवर्गात मी तरुणांना एक प्रश्न नेहमी विचारतो : तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या आजोबांच्या नावाचा सातबारा पाहिला आहे? चाळीस जणांत चार-पाच हात वर होतात. पुढे विचारतो, त्यावरचे फेरफार किती जणांनी वाचले आहेत? तेव्हा बहुधा एकही हात वर येत नाही. आणि याच तरुणांपैकी अनेक जण शहराच्या कडेला प्लॉट बघत असतात. बाप-आजाची जमीन कशी गेली हे ज्याला ठाऊक नाही, तो स्वतः जमीन घेताना कागदात काय शोधणार? म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. ज्याच्या घराण्याची जमीन आहे किंवा होती त्याच्यासाठी, आणि जो आयुष्यभराची बचत घालून जमीन घ्यायला निघाला आहे त्याच्यासाठी.

शिवेचा साक्षीदार, स्वतः बिनकागदाचा

गावगाड्यात महार हा वतनदार होता, पण हे वतन पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनासारखे नव्हते. निरोप पोचवणे, माणसे चावडीवर बोलावणे, सरकारी खजिन्यासोबत चालत जाणे, गावात राखण करणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे पिढ्यानपिढ्या त्याच्या माथी होती. मोबदल्यात बलुते आणि थोडी जमीन. त्या जमिनीला कुठे हाडोळा म्हणत, कुठे हाडकी-हाडवळा, कुठे महारकी.

या कामांत एक काम विशेष होते. दोन गावांच्या शिवेचा वाद झाला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. शीव कुठून जाते, कोणता दगड कोणाचा, हे त्याला तोंडपाठ असे. साऱ्या गावाच्या हद्दी ज्याच्या शब्दावर ठरत, त्याच्या स्वतःच्या तुकड्याची हद्द मात्र दुसऱ्यांच्या मर्जीवर राहिली. पुढचा सगळा इतिहास या एका विसंगतीचा आहे.

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात जमिनीची पद्धतशीर मोजणी आणि आकारणी सुरू केली. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली, तिच्यावर पुढची रयतवारी उभी राहिली. शेताला नंबर मिळाला, आकार ठरला, सारा भरणाऱ्याचे नाव कागदावर आले. वतनी जमिनींचा हिशेब मात्र वेगळा राहिला. १८६३ च्या सुमारास 'गॉर्डन सेटलमेंट'ने देशमुख-देशपांड्यांसारख्या परगणे वतनदारांना सेवेतून मोकळे केले आणि त्यांच्या जमिनी त्यांच्याकडे ठेवल्या. ज्यांची सेवा लिहिण्या-वाचण्याची होती ते जमीन राखून सुटले. ज्यांची सेवा पायपिटीची आणि राबण्याची होती, त्यांना कोणी सोडले नाही.

१८७४ मध्ये मुंबईचा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा आला. त्यालाच आपण वतन कायदा म्हणतो. या कायद्याने वतनी जमीन सरकारच्या मंजुरीशिवाय वतनाबाहेरच्या माणसाला आपल्या हयातीपलीकडे गहाण टाकायला किंवा विकायला बंदी केली. १९०३ मध्ये हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि जमिनीतील हक्क कोणाचे याची गाववार नोंद सुरू झाली. आज आपण ज्याला फेरफार म्हणतो, त्याची मुळे इथे आहेत. त्या नोंदीत अनेक गावी वतनदारांची एकेक नावे न लिहिता 'समस्त महार' अशी एकच ओळ टाकली गेली. पाटलाच्या जमिनीला नाव, बापाचे नाव, आडनाव, हिस्सा. आपल्या जमिनीला फक्त जात.

बाबासाहेबांचा वतनाशी झगडा

हे बाबासाहेबांनी ओळखले. 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी महार वतनावर लिहिले आणि मार्च १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. त्यांची मागणी सरळ होती. ज्या वतनदाराला सेवा नको असेल त्याला ती सोडता यावी आणि पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी. जे सेवेत राहतील त्यांची कामे ठरवून द्यावीत आणि बलुत्याऐवजी पैशात मोबदला मिळावा.

वतन म्हणजे जमिनीच्या तुकड्याला बांधलेली वेठ आहे, हे त्यांनी दाखवून दिले. तो तुकडा इतका लहान की त्यावर पोट भरत नाही, आणि तो सुटेल या भीतीने माणूस गावही सोडत नाही. विधेयकाला सरकारकडून विरोध झाला. आपल्यातल्याही काहींना जमीन जाईल अशी भीती वाटत होती. अखेर १९२९ मध्ये विधेयक मागे घ्यावे लागले. पण प्रश्न त्यांनी सोडला नाही. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी मांडले, जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगावला वतनदारांची परिषद भरली. तिथे वतनी जमिनीवरच्या वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करून सामुदायिक शेतीची योजनाच मांडली.

म्हणजे जमिनीचा प्रश्न हा आंबेडकरी चळवळीच्या पोटातला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, हजारो बायाबापड्या तुरुंगात गेल्या, ते याच धाग्यातले.

१९५८ : वतन गेले, शर्त राहिली

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 'मुंबई कनिष्ठ गाववतने नाहीशी करण्याबाबतचा अधिनियम, १९५८' झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वेठ संपली. जमिनीचे काय झाले, ते मात्र नीट समजून घ्या, कारण आजचे बहुतेक घोटाळे इथून सुरू होतात.

वतन संपल्याबरोबर जमीन कायद्याने सरकारकडे गेली. मग वतनदाराने पूर्ण आकाराच्या तिप्पट रक्कम ठरलेल्या मुदतीत भरायची आणि जमीन त्याला पुन्हा बहाल व्हायची. याला 'रिग्रँट' किंवा पुनःप्रदान म्हणतात. ज्याने रक्कम भरली नाही, त्याचा कब्जा कायद्याच्या नजरेत अनधिकृत ठरला. वतनदारांच्या जमिनीवर सरकारचे नाव कसे येते, याचे एक मोठे उत्तर इथे आहे. रक्कम मोठी नव्हती. पण नोटीस वाचून दाखवणारा तलाठी आणि चलन भरून घेणारी कचेरी कोणाच्या हातात होती, हे गावात राहिलेल्याला सांगायला नको.

ज्यांना पुनःप्रदान मिळाले, त्यांना ते 'नवीन व अविभाज्य शर्तीने' मिळाले. कायद्याच्या कलम ५(३) नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय आणि सरकार ठरवेल तो नजराणा भरल्याशिवाय ही जमीन हस्तांतरित करता येत नाही, तिची सरस-निरस वाटणीही करता येत नाही. सातबाऱ्यावर ती 'भोगवटादार वर्ग २' म्हणून दिसते. इतर हक्कांत 'नवीन शर्त', 'महार वतन', 'इनाम वर्ग ६ ब' असे शेरे असतात. ६ ब म्हणजे सरकारोपयोगी गावनोकरांचे इनाम.

मग जमीन गेली कशी? साध्या कागदावर गेली. लग्नकार्यासाठी हातउसने घेतले, बदल्यात जमीन कसायला दिली, ती परत आली नाही. पुढे शहरे वाढली तेव्हा विसारपावती, साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र आले. शेकडो वारसांकडून शे-पाचशे रुपयांत अंगठे घेतले गेले. कुठे 'समस्त महार' या नोंदीचा फायदा घेऊन चार जणांना उभे करून साऱ्यांची जमीन लिहून घेतली. कुठे पुन्हा लिहिताना 'नवीन शर्त' हा शेराच गळून पडला आणि वर्ग २ ची जमीन वर्ग १ दिसू लागली.

यात दोघे बुडतात. वतनदाराला कवडीमोल रक्कम मिळते. आणि विनापरवानगी व्यवहार उघडकीस आला की शर्तभंग म्हणून जमीन सरकारजमा होण्याची कारवाई खरेदीदारावर येते. तो खरेदीदार दर वेळी बिल्डर असतो असे नाही. पुष्कळदा बिल्डरने पाडलेल्या प्लॉटवर कर्ज काढून घर बांधलेला शिक्षक, कंडक्टर, नर्स असते. आपलीच माणसे.

कागद कसा वाचायचा

आता हा इतिहास हाताशी धरून कागद उघडा.

पहिली गोष्ट, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार त्यातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच. महसुली नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी खरेदीखत, वाटप, वारसा, पुनःप्रदानाचा आदेश यांतून येते. सातबारा हे दार आहे, घर आत आहे.

दुसरी गोष्ट, सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले फेरफार क्रमांक. तो एकेक नंबर म्हणजे त्या जमिनीच्या आयुष्यातली एकेक घटना. गाव नमुना ६ मधून त्या प्रत्येक फेरफाराची नक्कल काढा आणि मागे मागे जात १९५९ च्या पलीकडे पोचा. संगणकावरचा सातबारा अलीकडचा आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने हस्तलिखित उतारे असतात, ते मागा. मराठवाड्यात खासरा पत्रक आणि विदर्भात अधिकार अभिलेख पाहा. ते भाग वेगळ्या राजवटींत होते, म्हणून तिथले कायदे आणि शेऱ्यांचे शब्द वेगळे असतात. एखादा शेरा एका वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी नाही असे दिसले, तर तो कोणत्या आदेशाने कमी झाला ते विचारा. आदेश नसेल तर थांबा.

तिसरी गोष्ट, गट नंबर. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर कळल्याशिवाय वतनाचा इतिहास सापडत नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारा उतारा आणि गट नकाशा घ्या.

चौथी गोष्ट, माणसे. विकणारा एकटा मालक आहे की सहधारक? वारसनोंदी पूर्ण आहेत का? बहिणींची नावे आहेत का? २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. 'बहिणीने हक्कसोड दिले आहे' असे तोंडी कोणी सांगितले तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवायला सांगा.

पाचवी गोष्ट, कुलमुखत्यारपत्रावर खरेदी. २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नुसते साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी जात नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. आणि खरेदीखत नोंदले गेले म्हणजे सारे निर्वेध झाले असेही नाही. नोंदणी कार्यालय दस्त नोंदते, मालकीचा निवाडा करत नाही. विकणाऱ्याकडे जितका हक्क होता तितकाच घेणाऱ्याला मिळतो. त्याच्याकडे नव्हता, तर तुमच्याकडेही नाही, मुद्रांक कितीही भरलेला असो.

म्हणून वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील सूची क्रमांक २ तपासा, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या, सरकारी मोजणी मागवा. शेवटी स्वतः जागेवर जा. शेजारच्या बांधावरच्या म्हाताऱ्याला विचारा : ही जमीन मूळची कोणाची? कागदाने लपवलेले तो पाच मिनिटांत सांगतो.

आपणही आता खरेदीदार आहोत

शिक्षण आणि आरक्षणातून आपल्यातला एक वर्ग जमीन घेण्याच्या स्थितीला आला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण कायद्याची एक थट्टाही लक्षात घ्या. कूळ कायद्याच्या कलम ६३ नुसार जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. ज्यांना जातीने भूमिहीन ठेवले, त्यांनाच आज 'तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला आणा' म्हटले जाते. म्हणूनही आजोबांचा उतारा आणि त्यावरची वारसनोंद जपा. वतनाची दहा गुंठे जमीन नावावर असली, तर तोच तुमचा शेतकरी असल्याचा आधार ठरू शकतो.

आणि खरेदीदार झालो म्हणून आपली जबाबदारीही वाढली. आदिवासींची जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ च्या संरक्षणाखाली आहे. स्वस्तात मिळते म्हणून तिच्यावर डोळा ठेवू नका. गायरानावर भूमिहीनांनी पोटासाठी केलेली जी अतिक्रमणे १४ एप्रिल १९९० पूर्वीची होती, ती नियमित करण्याचा निर्णय सरकारने १९९१ मध्ये घेतला. त्या तारखेमागे आपल्या लोकांची लढाई आहे. तिथली जमीन नोटरीच्या कागदावर विकत घेणे म्हणजे एका भूमिहीनाला पुन्हा भूमिहीन करणे.

आपल्यातले काही जण म्हणतात की नवीन शर्त हा अपमान आहे. पाटलाला मोकळी विक्री, आम्हाला परवानगी का? या प्रश्नात तथ्य आहे. शर्तीमुळे अडीअडचणीला योग्य भावात विकता येत नाही. पण ६५ वर्षांचा अनुभव काय सांगतो? शर्त असूनही एवढ्या जमिनी गेल्या. ती नसती तर किती उरल्या असत्या? माझे मत असे की शर्त काढण्याची घाई करू नये. आधी प्रत्येक गावातील महार वतनाच्या जमिनींची यादी जाहीर करावी, 'समस्त महार' या नोंदीच्या जागी सर्व वारसांची नावे लावावीत, गळालेले शेरे परत आणावेत, आणि शर्तभंगात जमीन सरकारजमा करण्याऐवजी मूळ वतनदाराला परत देण्याची तरतूद करावी. वतनदाराला फसवून जमीन लिहून घेतली गेली असेल, तर शिक्षा म्हणून ती सरकारने का घ्यावी? हे चारही मुद्दे निवेदनात टाका आणि आपापल्या तहसीलला द्या.

पण निवेदनाच्या आधी एक काम. या महिन्यात प्रत्येकाने आपल्या गावचा ८अ, सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार काढावेत. शाखेच्या पुढच्या बैठकीला ते घेऊन बसावे आणि एकमेकांचे वाचावेत. कोणाचा हात कुठे सुटला, कोणत्या साली, कोणाच्या अंगठ्याने, हे त्यातूनच कळेल. आपल्या आजोबा-पणजोबांनी साऱ्या गावाची शीव तोंडपाठ ठेवली होती. आपण निदान आपल्या जमिनीचा कागद वाचू.

जय भीम!